पठार दाराशी, इंटर्नशिप मोबाइलवर

एप्रिलचा दुसरा आठवडा आला की आमच्या कॉलेजच्या स्टाफरूमबाहेर रांग लागते. मुलांच्या हातात ओजेटीच्या फायली असतात. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आलेलं चार क्रेडिटचं, १२० तासांचं प्रत्यक्ष कामाचं शिक्षण. मी सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. त्यामुळे 'पर्यावरण', 'जैवविविधता' असे शब्द असलेल्या फायली माझ्याकडे येतात.

गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी अशीच फाइल घेऊन आली. तिचं गाव कास पठाराच्या खालच्या अंगाला आहे. फायलीत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र होतं, परराज्यातल्या कुठल्याशा ऑनलाइन संस्थेचं, पर्यावरण संवर्धनाच्या इंटर्नशिपचं. मी विचारलं, काय काम केलंस? म्हणाली, "मॅडम, मोबाइलवर पाच पोस्टर केली आणि प्लॅस्टिकवर दोन व्हिडिओ. रोज ग्रुपवर हजेरी टाकायची होती." त्यांनी काही मानधन दिलं का, असं विचारल्यावर ती जरा थांबली. "नाही मॅडम, आपणच भरायचे होते. पंधराशे." तिची आई फुलांच्या हंगामात पठारावर गर्दी आवरायचं आणि कचरा उचलायचं काम करते. ते पंधराशे आईच्या मजुरीतले होते.

मी सही केली. केली नसती तर तिचं वर्ष अडलं असतं. पण ती सही मला अजून टोचते, आणि हा लेख त्यामुळेच लिहायला घेतला.

माझं म्हणणं असं आहे. निसर्ग राखण्याचं प्रत्यक्ष काम विद्यार्थ्याला त्याच्या घराजवळ, त्याच्या भाषेत आणि कामाचा मोबदला देऊन शिकवलं गेलं पाहिजे. जवळ आणि मराठीत, इथपर्यंत सगळेच माना डोलावतात. मोबदल्याचं नाव काढलं की चेहरे बदलतात, म्हणून मी त्याच मुद्द्यावर जास्त बोलणार आहे.

आधी काम कशाला म्हणायचं ते सांगते. कास पठार २०१२मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जांभ्या दगडाचा तो सपाट माथा, त्यावर बोटभर माती आणि पावसाळ्याच्या शेवटी त्या मातीतून उगवणारा तेरडा, गेंद, सीतेची आसवं, चवर. सात वर्षांनी एकदा फुलणारी टोपली कारवी. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण या पठारावर एक वाद होऊन गेला, तो फोटोत दिसत नाही. फुलं राखायची म्हणून तारेचं कुंपण आलं आणि गुरांची चराई थांबली. काही वर्षांनी गावातली जाणती माणसं आणि काही अभ्यासक म्हणू लागले की गुरं फिरायची बंद झाल्यापासून गवत माजलं, फुलं मागे हटली. मग कुंपण काढलं गेलं. कोण बरोबर, कोण चूक? मला यावर छातीठोक उत्तर देता येत नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. कुंपणाच्या आत आणि बाहेर, त्याच त्याच जागी, दर वर्षी त्याच आठवड्यात बसून किती तेरडा, किती गेंद, किती गवत हे मोजणारी माणसं पुरेशी नव्हती. पठारावर येणारी वाहनं आपण मोजली. मातीतली रोपं तेवढ्या नेमाने मोजली नाहीत.

हे मोजायला लागतं काय? पाण्याच्या पाइपाचे चार तुकडे जोडून केलेली एक मीटर बाय एक मीटर चौकट. कोपऱ्यांच्या खुणा, म्हणजे पुढच्या वर्षी चौकट त्याच जागी बसेल. वही, पेन्सिल (शाईचं पेन पावसात निकामी होतं, हे आमची मुलं पहिल्याच दिवशी शिकतात) आणि गुडघ्यावर बसायची तयारी. मी हे दोन वर्षं मुलांकडून करून घेतलंय, कॉलेजच्या मागच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ सपाट माळावर. मुलांना सगळ्यांत अवघड काय जातं माहीत आहे? शून्य लिहिणं. चौकटीत अमुक वनस्पती नाही, तर तो रकाना ती कोरा ठेवतात. शून्य लिहिलं की आपण काही काम केलंच नाही असं त्यांना वाटतं. कोरा रकाना म्हणजे 'पाहिलं नाही' आणि शून्य म्हणजे 'पाहिलं, नव्हतं', हा फरक डोक्यात उतरायला तीन आठवडे जातात. तो उतरला की तो मुलगा पुढे कुठेही जावो, पाण्याच्या खात्यात, कृषी खात्यात, पत्रकारितेत, त्याच्या नोंदीवर विश्वास ठेवता येतो. पाच पोस्टर करून हे येत नाही.

अशी संधी याआधीही आपल्या हातात आली होती. १९९१मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी एक अभ्यासक्रम आणला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं होतं. त्या अभ्यासक्रमात शेवटचं प्रकरण क्षेत्रभेटीचं होतं: जवळची नदी, डोंगर किंवा गवताळ रान पाहून नोंदी करा, एखादी प्रदूषित जागा पाहा, आसपासची झाडं, कीटक, पक्षी ओळखा. पन्नास तासांतले पाच तास त्याला आणि शंभरातले २५ गुण. कल्पना उत्तम होती. झालं काय, ते महाराष्ट्रातल्या पदवीधरांना ठाऊक आहे. बाजारातून तयार प्रकल्पवही आणायची, वर्तमानपत्रातली फेसाळ नदी कापून चिकटवायची, मागच्या वर्षीच्या वहीतला मजकूर उतरवायचा. मी स्वतः एका दुपारी दोनशे वह्यांवर गुण टाकलेत. वर्गात दोनशे मुलं, शिक्षक एक, एसटी भाड्याला तरतूद नाही, अशा स्थितीत दुसरं काय होणार होतं? पण त्या दोनशेंतल्या चाळीस जणांच्या घरामागून ओढा वाहत होता, आणि मी कुणालाही त्याची नोंद करायला सांगितलं नाही, हेही खरं आहे.

वृक्षारोपणाचंही तसंच. राज्यात २०१६मध्ये दोन कोटी झाडांपासून मोहीम सुरू झाली, मग चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९मध्ये तेहेतीस कोटी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी ठिकठिकाणी खड्डे खणले. आमच्या मुलांनीही २०१८च्या जुलैत तीनशे रोपं लावली. त्यातली पुढच्या मे महिन्यात किती जगली, हे मोजायला आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही आपण होऊन गेलो नाही. एन.एस.एस.च्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. त्यातले दहा तास जरी जगलेली रोपं मोजण्यात गेले असते, तरी कुठल्या उतारावर कुठलं झाड तगतं याची गावागावांतली माहिती आज हाताशी असती.

आता ओजेटीचे १२० तास आलेत, क्षेत्रप्रकल्प आणि समाजाशी जोडून घेण्याचे वेगळे क्रेडिट आलेत. शहरातल्या मुलांना बँक, सीएचं ऑफिस, औषध कंपनी मिळते. तालुक्याच्या गावात विज्ञानाच्या मुलाला मामाच्या दुकानाचं पत्र मिळतं किंवा मोबाइलवरचं प्रमाणपत्र. नुसत्या कडक तपासणीने हे सुधारणार नाही. मुलाला जायला खरी जागा नसेल, तर तो खोटा कागदच आणणार.

खऱ्या जागा नाहीत असंही नाही. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) १८८३पासून आहे. कोकणात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि पूर्वी जिथे अंडी पळवली जायची तिथे गावातलीच माणसं पहाटे वाळूवर कासविणीचा माग काढू लागली. पुण्यात प्रकाश गोळे यांच्या इकॉलॉजिकल सोसायटीने प्रत्यक्ष रानात नेऊन शिकवण्याची परंपरा घातली. वाघ, बिबटे, माळढोक, गवताळ रानं यांच्यावर काम करणारे गट आहेत. पण त्यांच्यापर्यंत पोचतं कोण? बहुतेक अर्ज इंग्रजीत. त्यात 'तुम्हाला हे काम का करायचं आहे' यावर एक पान लिहायचं. लॅपटॉप हवा. दोन-तीन महिने राहण्या-जेवण्याचा खर्च आपला. कित्येक ठिकाणी वर शिबिराची फी. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरची जनावरं पाहायची, तर त्यालाही आता शुल्क भरून नाव नोंदवावं लागतं. वन खात्यावर माझा राग नाही, तो अनुभव त्यांनी पर्यटनासारखा ठेवला आहे आणि तसं स्पष्ट सांगितलंही आहे. पण शिकण्याची प्रत्येक वाट अशी पैशाने उघडणारी झाली, की दहा वर्षांनी या क्षेत्रात संशोधक, अधिकारी, संस्थाचालक म्हणून कोण दिसेल हे आत्ताच ठरून जातं. ज्यांना तीन महिने बिनपगारी परवडले, ते. आणि ज्यांच्या गावात वाघ, कासव, पठार आहे, ते त्यांचे वाटाडे.

यात अन्याय आहेच, शिवाय ज्ञानाचाही तोटा आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१मध्ये खूण बसवलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५च्या सुरुवातीला गुहागरला अंडी घालायला आली. तोवर पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरची कासवं वेगवेगळी मानली जायची. तिच्या वल्ह्यासारख्या पायावरची धातूची पट्टी दिसली म्हणून हे कळलं. अशी पट्टी दिसायला किनाऱ्यावर माणूस हजर असावा लागतो, हंगामभर, रात्री-अपरात्री. बाहेरून आठ दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याकडून ते होत नाही. रानातलं बरंचसं ज्ञान हजेरीतून येतं, आणि हजर राहणं त्यालाच जमतं ज्याचं घर जवळ आहे आणि चूल त्या कामावर पेटते.

आता मोबदल्याकडे येते. गेल्या सप्टेंबरात आमच्या सड्यावरच्या चौकटींना सहा मुलं होती. पैसे नव्हते, मी घरून डबा न्यायची, एवढंच. त्यातला एक मुलगा धनगर वाड्यावरचा. गवताची पाती पाहून जात सांगायचा. त्याची नावं पुस्तकातली नव्हती, गुरांना काय आवडतं आणि कशाने दूध आटतं यावरून ठेवलेली होती, पण पुस्तकाशी ताडून पाहिलं की चूक क्वचित निघायची. तिसऱ्या आठवड्यापासून तो यायचा बंद झाला. लग्नाच्या हॉलवर वाढप्याचं काम लागलं होतं, दिवसाला चारशे रुपये. त्याच्याजागी मी असते तर मीही तेच केलं असतं. उरलेले पाच जण मन लावून काम करत होते, पण पाचांतल्या चौघांना घरून पैसे मिळत होते. फुकट कामाची चाळणी अशी चालते. ती आवड मोजत नाही, घरची परिस्थिती मोजते.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं, निसर्गाचं काम सेवाभावाने करावं, पैसे आले की भाव जातो. हे साताऱ्यात तरी कुणी म्हणू नये. याच गावात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४मध्ये वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, हाताने कामं केली आणि शिकली. रयत शिक्षण संस्थेचं ब्रीदच 'स्वावलंबी शिक्षण' आहे. १९४७मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं राहिलं ते 'कमवा आणि शिका'च्या पायावर. तिथल्या मुलाने खडी फोडली, बागेला पाणी घातलं, त्याचं दाम त्याच्या शिक्षणात जमा झालं. त्यामुळे त्याचा भाव गेला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. उलट त्या पिढ्यांनी महाराष्ट्राला शिक्षक, अधिकारी, लेखक दिले. कष्ट आणि शिक्षण यांच्यात दाम आलं की कष्टाला मान येतो, हे आपण शंभर वर्षांपूर्वी सिद्ध केलं, आणि आता मुलांकडून पंधराशे घेणाऱ्या इंटर्नशिपवर सह्या करतो.

'कमवा आणि शिका' आजही विद्यापीठांत आहे. त्यातली मुलं ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात कागद लावतात, आवारातली झाडं जगवतात. ही कामं वाईट नाहीत. पण त्याच योजनेतून दहा मुलांना पठारावरच्या चौकटी द्या, दहा जणांना गावातल्या विहिरी. जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींवर हेच काम करते, पण प्रत्येक वाडीत तिची विहीर नसते. डोंगरातले जिवंत झरे मोजायचे, बादली किती सेकंदांत भरते ते पाहून. घाटरस्त्यावर गाडीखाली मेलेले साप, बेडूक, उदमांजर यांची पावसाळ्यातली नोंद, रोज सकाळी तेवढ्याच टप्प्यावर. माण-खटावसारख्या दुष्काळी तालुक्यांत पाणलोटाची कामं झाली, आमच्या जिल्ह्यातलं वेळू गाव जलसंधारणाच्या २०१६च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिलं आलं. त्या बांधबंदिस्तीचं आज काय झालंय, गाळ किती साचलाय, हे पाहायला गावातल्याच मुलाएवढं योग्य कोण?

हिशोब मांडते. तासाला साठ रुपये धरले तर १२० तासांचे ७,२०० रुपये. वीस मुलांचे १ लाख ४४ हजार. मोठी रक्कम आहे, पण अशक्य नाही. राज्य सरकारने २०२४मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी झालेल्याला महिन्याला सहा हजार आणि पदवीधराला दहा हजार विद्यावेतन ठरलं. म्हणजे शिकत शिकत काम करणाऱ्याला सरकारने पैसे द्यावेत हे तत्त्व मान्य झालेलं आहे. ती योजना शिक्षण संपलेल्यांसाठी आहे, शिकत असलेल्यांना तिचं दार बंद आहे. ओजेटीच्या १२० तासांपुरतं ते उघडावं, ही माझी पहिली मागणी. दुसरी मागणी जवळची. कासला येणाऱ्या पर्यटकांकडून शुल्क घेतलं जातं आणि आजूबाजूच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्या ते काम पाहतात. त्यातला लहानसा वाटा, समितीच्या संमतीने, पठाराच्या मोजणीवर खर्च व्हावा. जे पाहायला लोक पैसे देतात ते टिकलंय की नाही, हे मोजायला त्यातलेच चार पैसे लागावेत यात गैर काय? कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दलही बोललं जातं. मिळाला तर घ्यावा, पण त्यावर विसंबू नये. तो दोन वर्षं येतो आणि तिसऱ्या वर्षी दुसऱ्या विषयाकडे वळतो, आणि चौकटीचं मोल विसाव्या वर्षी कळतं.

मुलांच्या नोंदी कच्च्या असतात, हा आक्षेप सहकारीच घेतात. कच्च्या असतात, पहिल्या महिन्यात. पण २०१८च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रं निघाली. आणि त्या सगळ्या डोलाऱ्याच्या आधीचा टप्पा, म्हणजे बीटमध्ये (वनरक्षकाला नेमून दिलेल्या हद्दीत) पायी फिरून ठसे, विष्ठा, ओरखडे नोंदवणं, हे काम वनरक्षकांनी केलं. त्यातले कितीतरी बारावी झालेले होते. त्यांना नीट शिकवलं गेलं, ठरीव तक्ता दिला गेला आणि सगळ्यांनी एकाच पद्धतीने काम केलं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१५मध्ये कॅमेरा ट्रॅप लावून ३५ बिबटे मोजले गेले, तो अभ्यास पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा होता. आज शहरातला बिबट्या म्हटला की त्या आकड्यापासून बोलणं सुरू होतं. आम्ही सड्यावर एकच चौकट दोन जोड्यांकडून वेगवेगळी मोजून घेतो. आकडे फार वेगळे आले तर पुन्हा मोजतो. एवढं केलं तरी चुका झपाट्याने खाली येतात.

सुरक्षेच्या आक्षेपापुढे मात्र मी मान लववते. नोव्हेंबर २०२१मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या पायपिटीवर असलेल्या महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. प्रशिक्षित, त्या जंगलात रोज वावरणारी बाई. तेव्हा विद्यार्थ्यांना मोठ्या जनावरांच्या जंगलात मोजणीला पाठवण्याच्या मी विरोधात आहे, कितीही आकर्षक वाटलं तरी. सडा, गायरान, विहीर, ओढा, रस्ता, देवराई इथे पुरेसं काम पडलंय. तिथेही साप असतो, वीज पडते, पाय घसरतो. विमा हवा, घोट्यापर्यंतचे बूट हवेत, एकट्याने जायचं नाही हा नियम हवा, आणि सर्पदंशावरचं इंजेक्शन जवळच्या कुठल्या दवाखान्यात आहे हे निघण्यापूर्वी फोन करून ठरवलेलं हवं. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी बैठकीत कुणी काढत नाही. सहा तास रानात राहायचं तर शौचाला जायचं कुठे? आमच्या पहिल्या वर्षी दोन मुली सकाळपासून पाणी न पिता आल्या होत्या, मला दुपारी कळलं. तेव्हापासून मी कामाचं ठिकाण निवडते ते जवळच्या एखाद्या घराशी बोलून. त्या घरच्या मावशी आता पोरी आल्या की चहा टाकतात. आणि वेळ ठरते ती एसटीच्या वेळेवर. बायकांना मार्च २०२३पासून अर्धं तिकीट आहे, त्याने खूप फरक पडला, पण शेवटची गाडी साडेपाचला सुटते ती सुटतेच. जाण्यायेण्याचा वेळ १२० तासांत धरला नाही, तर दूरच्या वाडीतली मुलगी हे काम घेणारच नाही.

गावाच्या संमतीबद्दल मला जास्त काळजी वाटते. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची नोंदवही ठेवायला सांगितलं. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी तर त्याच्याही आधीपासून लोकांनीच लिहिलेल्या अशा नोंदवह्यांचा आग्रह धरला होता, आणि नव्वदच्या दशकात पश्चिम घाटातल्या कॉलेजांचे शिक्षक आणि विद्यार्थी जोडून त्यांनी जैवविविधतेच्या नोंदींचं जाळंही विणलं होतं. वर्षानुवर्षं पुढे काही हललं नाही. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, चुकल्यास राज्याला महिन्याला दहा लाखांचा दंड, आणि नोंदवह्यांची घाई उडाली. आमच्या भागातल्या एका गावाची वही मी पाहिली आहे. तिच्यात त्या उंचीवर कधीच न वाढणारी झाडं आहेत आणि गावातल्या बायका श्रावणात आणतात ती भारंगी नाही, कुर्डू नाही. कुठल्या तरी दुसऱ्या गावाची यादी उतरवलेली. ही वही विद्यार्थ्यांनी गावाबरोबर बसून पुन्हा लिहावी, याहून चांगला समाजप्रकल्प मला सुचत नाही. मात्र ती मालकी गावाची. आजीने सांगितलेलं औषध तिला न विचारता कुणी नेटवर टाकू नये, हे मुलांना चौकटीच्या आधी शिकवायला हवं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने सामूहिक वनहक्क मिळवण्याच्या कितीतरी आधी अभ्यासगट चालवले होते, ज्यात बाहेरचे शिकलेले आणि गावातले अनुभवी एकत्र बसून एकेका प्रश्नाची उकल करायचे. विद्यार्थ्याने गावात जायचं ते तसं. आणि वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, मराठीत, राहिली पाहिजे. नाहीतर उद्या गावच्या डोंगरावर खाण आली, तर पुरावा कॉलेजच्या कपाटात आणि ग्रामसभा रिकाम्या हाताने.

एवढं करून नोकरी लागेल का, असं पालक विचारतात. मी त्यांना खोटी आशा दाखवत नाही. इंटर्नशिपने नोकऱ्या निर्माण होत नाहीत. पण वनरक्षकाच्या भरतीत लेखी परीक्षा होते, धावायला लावतात, मैलोगणती चालायला लावतात. त्यात दोन हंगाम रान मोजल्याच्या अनुभवाला काही गुण ठेवता येतील. भूजल, कृषी, जलसंधारण इथल्या कंत्राटी भरतीतही ठेवता येतील. शासनाने हे केलं तर कागदी प्रमाणपत्रांचा बाजार आपोआप बसेल, कारण मग तक्ते तपासले जातील.

तो वाढप्याचं काम धरलेला मुलगा फेब्रुवारीत भेटला. बसस्टँडवर. लग्नसराई जोरात होती, डोळे तांबारलेले. म्हणाला, "मॅडम, यंदा चौकटी ठेवणार का? खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मागच्या खेपेला आपण दोन गवतं एकच धरली होती, ती वेगळी आहेत." पाच महिने त्याने ते डोक्यात ठेवलं होतं. मी त्याला तेव्हा काही सांगू शकले नाही.

'कमवा आणि शिका'तून सड्याच्या मोजणीसाठी दहा मुलं घ्यावीत, असा प्रस्ताव मार्चमध्ये दिला आहे. तासाला साठ रुपये, एसटीचा वेळ धरून. यादीत पहिलं नाव त्याचं आहे, दुसरं त्या पंधराशे भरलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीचं, ती यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. प्राचार्यांची सही झाली, विद्यापीठाकडून मंजुरी यायची आहे. पावसाला सहा आठवडे उरलेत आणि चौकट नंबर चारच्या दोन खुणा उखडल्यात, त्या त्याआधी बसवायच्या आहेत.